पीक फ्लोच्या वहीतले नऊ दिवस

माझ्या जाऊबाईंच्या खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मानेजवळ सुई देऊन त्यांचा हात सुन्न केला होता. ऑपरेशन चांगलं झालं, पण त्या दिवशी रात्रीपर्यंत त्यांना धाप लागत होती. उशीला टेकून बसल्या तरच बरं वाटायचं. त्यामुळे माझ्या ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "काकू, तुमच्या पोटाला दोन्ही बाजूंनी नर्व्ह ब्लॉक देऊ, म्हणजे तिथल्या नसा सुईनं सुन्न करू," तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं. मानेतल्या एका सुईनं जाऊबाईंची ती गत, आणि मला तर तीस वर्षांचा दमा.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. २००९ साली आतड्याला भोक पडून माझं पोट उघडावं लागलं होतं. त्या जुन्या टाक्यांतून हळूहळू हर्निया झाला आणि बेंबीच्या वर दोन मुठींएवढा फुगवटा आला. खोकला आला की तो बाहेर यायचा, आणि दम्यामुळे खोकला तर रोजचाच. सर्जननी उघडं ऑपरेशन करून जाळी बसवायचं ठरवलं. मी निवृत्त शिक्षिका, सांगलीत राहते. ऑपरेशन मिरजेला ठरलं. आमच्या गल्लीतल्या बायकांच्या भजनी मंडळात मी बारा वर्षं पेटी वाजवते आणि गाते. म्हणून श्वासाचा हिशेब मला आकड्यांआधी सुरात कळतो. एक "सा" किती वेळ धरता येतो, यावरून आज छाती मोकळी आहे की नाही ते मी सांगू शकते. शिवाय घरी पीक फ्लो मीटर आहे, फुंकलेली हवा मिनिटाला किती लिटरच्या वेगानं बाहेर पडते ते दाखवणारं. सकाळ-संध्याकाळ जोरात फुंकायचं आणि आकडा वहीत मांडायचा, ही सवय जुनी. माझा सर्वांत चांगला आकडा २९०.

मॅडमनी पहिल्या भेटीत तासभर दिला, हे मला आवर्जून लिहायचं आहे. त्यांनी पीएफटीचा, म्हणजे फुप्फुसांच्या ताकदीच्या तपासणीचा, कागद बघितला, माझी पाठ बघितली. पाठीच्या मणक्याला टीबी झाला होता तेव्हा घातलेल्या सळ्या आणि स्क्रू अजून आत आहेत. "पोटाच्या वरच्या भागाचं मोठं ऑपरेशन असलं की मी साधारण पाठीत नळी घालून एपिड्यूरल देते," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या पाठीत ते जमणार नाही. मॉर्फिनच्या जातीची औषधं भरपूर दिली तर दुखणं थांबेल, पण तुम्ही पेंगाल, श्वास मंद होईल आणि कफ साचेल. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी तुमचा दमा उसळतो. मग उरतो ब्लॉक."

मी जाऊबाईंचं सांगितलं. त्यांनी कागद घेऊन चित्र काढलं. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू, त्याच्या नसा मानेतून उतरतात, मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जातंतूपासून. खांद्यासाठी मानेत दिलेलं औषध बाजूच्या त्या नसेपर्यंत सहज पोचतं आणि त्या बाजूचं श्वासपटल काही तास थांबतं. जाऊबाईंचं तेच झालं होतं. पोटाच्या भिंतीच्या नसा वेगळ्या. त्या छातीच्या खालच्या बरगड्यांच्या मधून निघून कुशीतून पुढे येतात. तिथे सुई दिली तर श्वासपटलाच्या नसेला हात लागत नाही.

"मग श्वासावर काहीच परिणाम नाही?" मी विचारलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "श्वास आत घेण्यावर नाही, बाहेर जोरानं टाकण्यावर. पोटाचे स्नायू खोकताना लागतात. ते थोडे ढिले पडतील."

मला हे उत्तर फार आवडलं. काही होत नाही म्हणून त्यांनी वेळ मारून नेली नाही.

ऑपरेशनला तीन आठवडे होते. दम्याचा पंप नियमित, तोही स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधलं नळकांडं, लावून. वजन ६६ वरून ६२ किलोवर आणलं. सर्जन म्हणाले होते की इतकी वर्षं पोटाबाहेर असलेलं आतडं परत आत बसवलं की आतला दाब वाढतो आणि श्वासपटल वर ढकललं जातं. म्हणजे जागा आधीच कमी पडणार होती. तीन बॉलचं यंत्रही आणलं. मी दोन दिवस त्यात फुंकत होते! फिजिओथेरपिस्ट मुलानं दुरुस्त केलं. त्यात श्वास आत ओढायचा असतो, सावकाश, आणि बॉल वर धरून ठेवायचे असतात. पहिला बॉल उचलायला सेकंदाला ६०० मिलीच्या वेगानं हवा ओढावी लागते, दुसऱ्याला ९००, तिसऱ्याला १२००. माझे दोन पूर्ण उचलले जायचे आणि तिसरा थरथरायचा.

बहुतेक ठिकाणी पेशंटला झोपवल्यावर हा ब्लॉक देतात. मॅडमनी मात्र मला जागं असताना द्यायचं ठरवलं, कारण ब्लॉक चढल्यावर माझा खोकला कितपत राहतो ते त्यांना आधी बघायचं होतं. मीही तेच मागणार होते. सकाळी साडेसातला ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या खोलीत मला अर्धवट बसतं केलं. सलाईन लागलं, बोटाला ऑक्सिमीटर, छातीला ईसीजीच्या चकत्या. वही आणि पीक फ्लो मीटर मी हट्टानं आत नेलं होतं. तीनदा फुंकलं: २८०, २८५, २८०. मग मॅडम म्हणाल्या, "आता तुमचा सा." संकोच वाटला, पण लावला. सिस्टरनी घड्याळ बघितलं. १७ सेकंद.

बरगडीच्या कडेखाली गार जेल लावून त्यांनी सोनोग्राफीचा दांडा टेकवला आणि पडदा माझ्याकडे वळवला. घडीच्या पोळीचे पदर दिसावेत तसे स्नायूंचे पदर एकावर एक होते. सर्वांत आतला आडव्या धाग्यांचा, त्याच्या वरच्या पदराच्या आणि त्याच्या मध्ये नसा धावतात. त्या फटीत औषध सोडायचं असतं. सुई टोचण्याआधी कातडीला थोडं सुन्न केलं होतं, त्यामुळे दुखलं कमी, दाब मात्र जाणवला. पडद्यावर सुई चकाकती रेघ होऊन तिरकी उतरली. औषध जाऊ लागलं तसे दोन पदर एकमेकांपासून सुटे झाले आणि मध्ये डोळ्याच्या आकाराची काळी जागा उघडली. प्रत्येक बाजूला २० मिली. मग त्याच वाटेनं एक बारीक नळी आत सरकवून कातडीला चिकटवली, म्हणजे पुढचे डोस तिच्यातून देता येतील. "ओठ बधिर वाटले, तोंडाला धातूची चव आली, कानात घुं झालं तर लगेच सांगा," असं त्या दोनदा बोलल्या. हे औषध रक्तात जास्त गेलं तर मेंदूवर आणि हृदयावर जातं. म्हणून किलोमागे किती मिलिग्रॅम द्यायचं याची मर्यादा ठरलेली असते आणि उतारा म्हणून चरबीचं पांढरं सलाईन जवळ ठेवतात. मी ते कपाटात पाहिलं.

पंधरा मिनिटांत बर्फाचा गारवा बेंबीच्या वर कळेनासा झाला. अर्ध्या तासानं स्वतःच्या पोटावर हात ठेवला तर ते दुसऱ्याचं पोट होतं. कुशी दोन्ही बाजूंना जरा फुगल्यासारख्या झाल्या होत्या, स्नायू ढिले पडल्याची ती खूण.

आधी श्वास आत ओढून पाहिला. बॉल दोन पूर्ण, तिसरा थरथरता. अगदी आधीसारखा. माझ्या मनावरचं मोठं ओझं तिथेच उतरलं. मग फुंकलं: २५०, २४५, २५५. म्हणजे सुमारे तीस कमी. खोकून पाहिलं. आवाज पोकळ निघाला, खाली तळ नसलेल्या भांड्यासारखा. आणि सा? सुरुवात स्वच्छ लागली, मधला भाग भरदार होता, पण शेवटी सूर टिकवायला पोट आत खेचावं लागतं तिथे खेचायला काही हातीच येईना. १४ सेकंदांत सूर सुटला. मॅडम म्हणाल्या त्या सगळ्याचा अर्थ मला तेव्हा उमगला. श्वास घेणारी ताकद जागेवर होती, तो पुरता बाहेर काढणारी ताकद थोडी उसनी गेली होती. हे माझ्या एकटीचे आकडे आहेत, पण माझ्या डोळ्यांसमोर मोजलेले आहेत.

त्यानंतर मला झोपवलं. ऑपरेशन अडीच तास चाललं.

जाग आली तेव्हा घसा खरखरत होता, नाकाला ऑक्सिजन, पोटावर पट्टा. चीर कुठे आहे ते बोटानंच कळलं, दुखण्यानं नाही. संध्याकाळी वही मागितली. १२०. मी घाबरले. ब्लॉक नीट आहे, टाके दुखत नाहीत, तरी निम्म्याहून खाली? मॅडमनी समजावलं की पोटाच्या वरच्या भागावर चीर घेतली की पहिल्या दिवशी फुप्फुसांची भरण्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरते, आणि ती केवळ दुखण्यामुळे उतरत नाही. पोटातल्या अवयवांना हात लागला की तिथून उलटा निरोप जाऊन श्वासपटल सुस्त होतं. ते पुन्हा पहिल्यासारखं हलायला आठवडाभर लागू शकतो. कुठलाही पोटाचा ब्लॉक तो सुस्तपणा काढू शकत नाही. तो भिंतीचं दुखणं थांबवतो, त्यामुळे मोठा श्वास घ्यायची भीती राहत नाही. घ्यायचा मात्र आपणच.

ही गोष्ट मला आधी नीट कळली नव्हती. मी समजत होते की दुखणं थांबलं की श्वास आपोआप येईल.

रात्री अकराला आत खोल कुठेतरी कळ सुरू झाली, आतडं पिळल्यासारखी. ती ब्लॉकच्या आवाक्याबाहेरची. भिंत सुन्न असली तरी आतले अवयव सुन्न नसतात. सिस्टरनी डॉक्टरांना विचारून मॉर्फिनच्या जातीचं एक इंजेक्शन दिलं आणि मी ढगात गेले. कळ गेली, सगळंच गेलं. मधून मधून कुणी खांदा हलवून म्हणायचं, "काकू, श्वास घ्या." सकाळी कळलं की माझे श्वास मिनिटाला नऊवर आले होते. मजा अशी की बोटावरचा आकडा तेव्हा ९७ होता. ऑक्सिजन चालू असला की तो आकडा छान दिसत राहतो, आत कार्बन डायऑक्साइड साचत असला तरी. त्यामुळे त्या सिस्टर आकड्यावर विसंबल्या नाहीत, माझी छाती हलताना मोजत बसल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ते एक इंजेक्शन आणि दर आठ तासांनी नळीतला डोस, यांतला फरक माझ्या वहीत आहे. ढगातून उतरल्यावर पीक फ्लो ११०. सकाळी सहाचा डोस मिळाल्यावर, पूर्ण जागी असताना, १४०.

दुसऱ्या दिवशी मला खुर्चीत बसवलं. फिजिओच्या मुलानं उशी पोटाशी घट्ट धरायला शिकवली, कारण आतून आधार देणारे स्नायू ढिले, तर बाहेरून आधार द्यायचा. खोकण्याआधी "हाऽऽ" करून श्वास सोडायला सांगितलं, थंडीत काचेवर वाफ सोडतो तसा, तोंड उघडं ठेवून. दोन-तीनदा असं केलं की कफ वर सरकतो आणि मग एकच खोकला पुरतो. ब्लॉक असलेल्या पेशंटला ही युक्ती जीवाभावाची आहे. पोकळ खोकला दहा वेळा खोकून दमण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पोटपट्टाही त्यानं सैल केला. बरगड्यांवर चढलेला पट्टा खालची फुप्फुसं आवळतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आता त्या दुसऱ्या रात्रीबद्दल. दहाचा डोस आला नाही. सिस्टरांची ड्यूटी बदलली होती आणि नव्या सिस्टरांच्या कागदावर नळीच्या डोसाला रकानाच नव्हता. मी ग्लानीत होते आणि सूनबाई बाहेर बाकावर. साडेअकराला चादरीचा गारवा पोटाला कळला. आधी बरंच वाटलं. मग मुंग्या. मग चिरेच्या रेषेवर कुणी निखारा ओढतंय असं वाटू लागलं. श्वास आपोआप वर चढला, गळ्याशी. पोट हलू नये म्हणून छातीचा वरचा भागच तेवढा उचलला जात होता, उथळ, भराभर. मी घड्याळ बघून मोजले, मिनिटाला २८. कफ घशाच्या खाली अडकला होता आणि खोकायचा विचार जरी केला तरी अंग शहारत होतं. बॉल पहिलाही उचलेना. फुंकून पाहिलं, कसाबसा ८०. ऑक्सिमीटर ८९, मग ८८. यंत्र वाजू लागलं तेव्हा सगळे धावले. रात्रीचे डॉक्टर आले, ऑक्सिजन वाढवला, नेब्युलायझर लावलं. मॅडमना फोन गेला. एक वाजून चाळीस मिनिटांनी दोन्ही नळ्यांतून डोस मिळाला.

त्या पुढची पस्तीस मिनिटं मी जन्मभर लक्षात ठेवीन. आधी निखारा विझला. मग खांदे खाली आले, मला न सांगता. मग श्वास गळ्यातून छातीत, छातीतून बरगड्यांच्या खालच्या कडेपर्यंत उतरला. पाय मोकळे सोडता आले. सव्वादोनला सूनबाईनं उशी धरली, मी तीन वेळा "हाऽऽ" केलं आणि एका खोकल्यात पिवळट, घट्ट बेडका बाहेर पडला. वहीत आकडा आहे: १३०. त्याच पोटाचे, त्याच फुप्फुसांचे, पाऊण तासात ८० चे १३०. ब्लॉकमुळे खोकल्याची ताकद थोडी जाते हे खरं, ते मी स्वतः मोजलं होतं. पण ब्लॉक नसताना माझा खोकला शून्य होता. तीस गमावून मी काय मिळवत होते ते त्या रात्री कळलं.

सकाळी मॅडमनी लाल पेनानं खाटेच्या कार्डावर डोसांच्या वेळा लिहिल्या: ६, २, १०. चूक झाली ती झाली, पण ती कबूल करून दुरुस्त केली. सूनबाईनं त्याच वेळांचे गजर मोबाइलमध्ये लावले. नळी घेऊन वॉर्डात आलेल्या प्रत्येक पेशंटच्या माणसानं हे करावं, असं मला मनापासून वाटतं. सलाईन संपलं तर दिसतं, नळीतलं औषध उतरलं तर दिसत नाही.

तिसऱ्या दिवसाच्या एक्स-रेत डाव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढरी पट्टी दिसली. तिथल्या हवेच्या पिशव्या मिटल्या होत्या. त्या रात्रीच्या उथळ श्वासांची ती पावती असावी असं मला वाटतं. डॉक्टर म्हणाले की अशी पट्टी पुष्कळांना दिसते. मग तासाला दहा वेळा बॉल, दिवसातून चार वेळा खुर्ची, वऱ्हांड्यात दोन फेऱ्या. डोस मिळाल्यानंतरचे दोन तास सर्वांत मोलाचे, हे ध्यानात आल्यावर मी सगळा व्यायाम तेव्हाच उरकू लागले. चौथ्या दिवशी नळ्या काढल्या. मी नको म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, जंतुसंसर्गाचा धोका रोज वाढतो आणि आता पॅरासिटामॉलवर निभेल. निभलं. दुखलं, पण त्या रात्रीसारखं नाही. वही सांगते: पाचवा दिवस १६५, सहावा १८०, सातवा २००, नववा २२५. नवव्या दिवशी मी घरी आले.

सहा आठवड्यांनी दाखवायला गेले तेव्हा सर्जननी जाळी तपासली आणि मॅडमनी वही मागून घेतली. दुसऱ्या रात्रीच्या पानाशी त्या बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "काकू, सा लावता?" ओपीडीच्या बंद दाराआड लावला. शेवटी पोट आत खेचलं, ते खेचलं गेलं, जरा हुळहुळलं. १६ सेकंद.

त्या पानाचा फोटो त्यांनी मागितला आणि मी दिला. सध्या मंडळात मी पेटी वाजवते, वरच्या पट्टीतलं अजून गात नाही. पीक फ्लो काल सकाळी २७० होता.